हवामानबदलाचे पेपर आणि 'सगळे मिळालेले आहेत' हा आरोप : तपासायचा कसा?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

राम राम मंडळी.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा चढला की आपल्याकडच्या शेतकरी गटांत दोन तऱ्हेचे मेसेज फिरतात. एकात 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' म्हणत केळी-कापूस संपल्याचं जाहीर केलेलं असतं. दुसऱ्यात 'हे पेपर एकमेकांनीच एकमेकांचे पास केलेत, विरोधात लिहिणाऱ्याला छापतच नाहीत' असं असतं. पहिल्या मेसेजला उत्तर देणारे बरेच आहेत. दुसऱ्यावर मात्र 'तू विकला गेलास', 'नाही, तूच' यापुढे गाडी सरकत नाही.

हा धागा त्या दुसऱ्या मेसेजसाठी आहे. पिअर रिव्ह्यूमध्ये (पेपर म्हणजे शोधनिबंध छापण्याआधी त्याच विषयातले दुसरे तज्ज्ञ तो तपासतात, त्या प्रक्रियेत) नेमकं काय होतं, काय होत नाही, आणि एखाद्या पेपरवर पक्षपाताचा आरोप झाला तर तो खरा की खोटा हे घरबसल्या कसं पाहायचं? प्रकरण, साल आणि पुढे काय झालं ते लिहा. नुसतं 'माझा विश्वास आहे' किंवा 'नाही' असा प्रतिसाद नको, ही विनंती.

तापी-पूर्णा (मुक्ताईनगर)

आधी प्रक्रिया मांडतो. निम्मी भांडणं ती माहीत नसल्यामुळे होतात.

पेपर जर्नलकडे (शोधपत्रिकेकडे) गेला की पहिल्यांदा संपादक वाचतो. नावाजलेल्या जर्नलांमध्ये बहुतेक पेपर इथूनच परत जातात, समीक्षकापर्यंत पोचतच नाहीत. उरलेले दोन-तीन समीक्षकांकडे जातात. हे काम विनामोबदला असतं, त्यामुळे होकार मिळवण्यातच कधीकधी महिना जातो. रूढ पद्धतीत समीक्षकाला लेखकाचं नाव दिसतं, लेखकाला समीक्षकाचं दिसत नाही. निकाल चार प्रकारचे : स्वीकार, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती, नकार. पहिल्या फेरीत सरळ स्वीकार जवळपास नसतोच. लेखक प्रत्येक मुद्द्याला लेखी उत्तर देतो आणि पेपर पुन्हा त्याच समीक्षकांकडे जातो.

समीक्षक काय बघतो? प्रश्न नवा आहे का, पद्धत त्या प्रश्नाला चालते का, निष्कर्ष आकड्यांतून निघतो की वरून चिकटवलाय, आधीच्या कामाची दखल घेतली का. काय बघत नाही? मूळ डेटा उतरवून, कोड चालवून तेच उत्तर येतं का हे तो सहसा बघत नाही. तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो आणि तशी अपेक्षाही नसते. मोठ्या चुका निसटतात त्या इथून.

ठळक उदाहरण २०१८ चं. ३१ ऑक्टोबरला 'नेचर'मध्ये रेस्प्लँडी आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. हवेतला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजून समुद्रानं किती उष्णता शोषली याचा अंदाज त्यात होता, आणि तो आधीच्या अंदाजांपेक्षा बराच जास्त होता. आठवड्याभरात निक ल्युईस या ब्रिटिश अभ्यासकानं गणित पुन्हा करून चूक दाखवली. मोजमापातल्या काही चुका दरवर्षी एकाच दिशेनं जाणाऱ्या होत्या, त्या लेखकांनी सुट्यासुट्या, एकमेकींना खोडणाऱ्या धरल्या होत्या. त्यामुळे अनिश्चितता होती त्यापेक्षा कमी दिसत होती. ल्युईस हे तापमानवाढीचा अंदाज कमी धरणाऱ्यांपैकी, तरी लेखकांनी चूक मान्य केली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पेपर मागे घेतला.

म्हणजे 'पिअर रिव्ह्यू झालाय' एवढ्यावर थांबायचं नसतं. बियाण्याच्या पिशवीवर लेबल आहे म्हणून उगवणशक्ती तपासायचं कोणी सोडत नाही. पण लेबलच नसलेली पिशवीही कोणी घेत नाही.

लळिंग (धुळे)

प्रक्रिया बरोबर मांडलीत भाऊ. पण माझ्यासारख्यांची हरकत प्रक्रिया चालवणाऱ्या माणसांबद्दल आहे. क्षेत्र लहान, समीक्षक तेच, लेखक तेच. तीन प्रकरणं देतो.

१) नोव्हेंबर २००९, ईस्ट अँग्लिया विद्यापीठातून फुटलेले ईमेल. जुलै २००४ च्या एका ईमेलमध्ये तिथले हवामानशास्त्रज्ञ फिल जोन्स लिहितात की अमुक दोन पेपर आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी समितीच्या) अहवालात येऊ देणार नाही, त्यासाठी पिअर-रिव्ह्यूड साहित्य कशाला म्हणायचं हेच नव्यानं ठरवावं लागलं तरी चालेल.

२) २००३, 'क्लायमेट रिसर्च' जर्नल. विसावं शतक काही वेगळं उबदार नव्हतं असं सांगणारा सून आणि बालियुनास यांचा पेपर छापला म्हणून त्या जर्नलकडे पेपर पाठवू नयेत, तिथले पेपर उद्धृत करू नयेत, अशी चर्चा त्याच ईमेलांमध्ये आहे.

३) सप्टेंबर २०२३. पॅट्रिक ब्राउन या शास्त्रज्ञानं कॅलिफोर्नियातल्या वणव्यांवरचा स्वतःचा पेपर 'नेचर'मध्ये छापून आल्यावर आठवड्याभरात जाहीर लेख लिहिला : पेपर छापून यावा म्हणून मी फक्त तापमानवाढीवर भर दिला, बाकी कारणं बाजूला ठेवली.

तिन्ही कागदावरच्या गोष्टी आहेत, कुणाच्या तोंडच्या नाहीत.

तापी-पूर्णा (मुक्ताईनगर)

लळिंगभाऊ, तिन्ही प्रकरणं खरी. पहिल्या दोघांत पुढे काय झालं तेही नोंदवू.

जोन्स यांना नको असलेले ते दोन पेपर, मॅककिट्रिक-मायकेल्स (२००४) आणि काल्ने-काय (२००३), हे दोन्ही २००७ च्या अहवालात आले, त्यांच्यावर चर्चाही झाली. ईमेल लिहिणाऱ्याची इच्छा वाईट होती, पण अडवणं त्याच्या हातात नव्हतं. जुलै २०१० मध्ये या ईमेलांची चौकशी करणाऱ्या म्यूर रसेल समितीनं निष्कर्ष दिला : शास्त्रज्ञांचा प्रामाणिकपणा आणि काटेकोरपणा यावर शंका घ्यायला जागा नाही, पण माहिती खुली करण्यात ते सातत्यानं कमी पडले. १९९९ च्या जागतिक हवामान संघटनेच्या अहवालासाठी काढलेला आलेख दिशाभूल करणारा होता, असंही त्याच समितीनं लिहिलंय. मेसेजमध्ये यातलं एकच वाक्य उचललेलं असतं. कुठलं, ते मेसेज कोणाचा यावर ठरतं.

'क्लायमेट रिसर्च'मध्ये मुळात पद्धत सदोष होती. मध्ययुग उबदार होतं का, हे बघताना त्या पेपरनं ५० वर्षांचा काळ उबदार, ओला किंवा कोरडा असला तरी तो पुराव्यात मोजला. एका ठिकाणचं कोरडं शतक आणि दुसऱ्या ठिकाणचं ओलं शतक दोन्ही एकाच पारड्यात, आणि ती एकाच वेळची असण्याचीही गरज नाही. अशानं तापमानाबद्दल काहीच कळत नाही. जर्नलचे नवे मुख्य संपादक हान्स फॉन श्टोर्ख यांना या चुकीबद्दल संपादकीय लिहायचं होतं, प्रकाशकानं ते अडवलं म्हणून जुलै २००३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मागोमाग आणखी काही संपादक गेले. आता हे फॉन श्टोर्ख कोण? पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, मायकेल मान यांच्या प्रसिद्ध 'हॉकी स्टिक' आलेखाच्या (गेल्या अनेक शतकांचं तापमान आणि शेवटी एकदम वाढ दाखवणाऱ्या) पद्धतीवर टीका करणारा पेपर त्यांनीच 'सायन्स'मध्ये छापला. त्यांना मान यांच्या गोटातला माणूस म्हणायला जागा नाही.

उलट बाजूचंही एक. 'पॅटर्न रेकग्निशन इन फिजिक्स' हे छोटं जर्नल जानेवारी २०१४ मध्ये कोपर्निकस या प्रकाशकानं बंद केलं. सूर्य आणि ग्रहांच्या प्रभावावरच्या विशेषांकात लेखकांनी आणि संपादकांनी समीक्षक आपसांतलेच नेमले होते. 'एकमेकांचे पेपर एकमेकांनी पास केले' याचं कागदोपत्री सिद्ध झालेलं उदाहरण मागितलं तर मी हेच देईन, आणि ते तापमानवाढीला आव्हान देणाऱ्या बाजूचं आहे.

पाटणादेवी (चाळीसगाव)

ब्राउन प्रकरणावर मी लिहिते, कारण तिथे अंदाज बांधत बसायची गरज नाही. समीक्षकांचा पत्रव्यवहार उघड आहे.

पाहायचा कसा : 'नेचर'च्या संकेतस्थळावर पेपरचं पान उघडा, पार खाली 'सप्लिमेंटरी इन्फर्मेशन' विभागात या, तिथे 'पिअर रिव्ह्यू फाइल' नावाची पीडीएफ असते. पेपर वाचायला पैसे लागत असले तरी ही फाइल बहुधा मोफत उघडते. 'नेचर कम्युनिकेशन्स'नं २०१६ पासून हे सुरू केलं, 'नेचर'नं २०२० पासून लेखकाच्या इच्छेवर सोडलं आणि जून २०२५ पासून नव्या पेपरांना सरसकट लागू केलं. युरोपियन जिओसायन्सेस युनियनची जर्नलं याच्याही पुढे आहेत. 'अ‍ॅटमॉस्फेरिक केमिस्ट्री अँड फिजिक्स' २००१ मध्ये निघालं तेव्हापासून समीक्षा, लेखकाची उत्तरं आणि बाहेरच्यांच्या टिप्पण्या सगळं उघड आहे.

ब्राउन यांच्या फाइलमध्ये दिसतं ते असं : तापमान सोडून बाकीचे घटक, म्हणजे झाडोरा, आग लागण्याची कारणं वगैरे, स्थिर धरल्याबद्दल समीक्षकांनीच हरकत घेतली होती. लेखकांनी त्यावर उत्तर देऊन आपली मांडणी राखली. 'संपादक-समीक्षकांना बाकीची कारणं नको होती' हा अर्थ त्या फाइलशी जुळत नाही.

पण एक गोष्ट फाइल सांगू शकत नाही. ब्राउन यांचं म्हणणं होतं की पेपर लिहायला बसण्याआधीच त्यांनी विषयाची चौकट मोठ्या जर्नलला आवडेल अशी आखली. लेखकानं स्वतःच्या मनात केलेली काटछाट कुठल्याच फाइलमध्ये उमटत नाही. माझ्या मते पूर्वग्रहाची खरी जागा ही आहे आणि ती सगळ्याच विज्ञानात आहे. ठसठशीत निष्कर्ष लवकर छापला जातो, 'काही फरक आढळला नाही' हा निष्कर्ष कपाटात राहतो. तो ओळखायचा तर एकाच विषयावरचे मोठ्या आणि छोट्या जर्नलांमधले पेपर शेजारी ठेवून आकडे पाहावे लागतात. एका पेपरवरून ते कळणार नाही.

बोरीकाठ (पारोळा)

पाटणाताई, फाइल उघडून पाहिली. असं काही असतं हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

'९७ टक्के शास्त्रज्ञ सहमत' या आकड्याचं काय? आमच्या गटात एकजण म्हणतो तो खोटा आहे, खरा आकडा ३३ टक्के.

पाटणादेवी (चाळीसगाव)

दोन्ही आकडे एकाच पेपरातले आहेत. कुक आणि सहकारी, २०१३. ११,९४४ पेपरांचे सारांश वाचले. ६६.४ टक्क्यांनी तापमानवाढ माणसामुळे की कशामुळे यावर काही म्हटलंच नव्हतं. ३२.६ टक्क्यांनी माणसामुळे म्हटलं, ०.७ टक्क्यांनी नाकारलं, ०.३ टक्क्यांनी अनिश्चित म्हटलं. ज्यांनी मत दिलं त्यांच्यात सहमती ९७.१ टक्के.

'३३ टक्केच' म्हणणारा भाऊ मत न देणाऱ्यांना विरोधात मोजतोय. गव्हाच्या उत्पादनावर किंवा एखाद्या हिमनदीच्या खोलीवर पेपर लिहिणारा सारांशात ते कारण परत सांगत बसत नाही. उलट '९७ टक्के शास्त्रज्ञ' हेही चूक, कारण मोजले ते पेपर, माणसं नव्हेत. सारांश वाचणारे स्वयंसेवक एकाच विचाराचे होते ही हरकत रास्त आहे. तिच्यावरचा उतारा त्याच पेपरात आहे : मूळ लेखकांना आपापल्या पेपरची वर्गवारी करायला सांगितली, सुमारे १,२०० जणांनी उत्तर दिलं, आकडा ९७.२ टक्के आला.

हतनूर (भुसावळ)

समीक्षेइतकंच भांडण 'आकडे फुगवतात' यावर होतं, म्हणून मोजमापाचं लिहितो. माझ्या मते पक्षपात शोधायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे दुरुस्तीची दिशा. दुरुस्त्या कायम एकाच बाजूला जात असतील तर संशय घ्या. जात नसतील तर आरोप करणाऱ्यानं उत्तर द्यावं.

जमिनीवरच्या नोंदींत एक दुरुस्ती फार बदनाम आहे, नोंद घेण्याच्या वेळेची. कमाल तापमापीत दिवसातला सर्वोच्च आकडा अडकून राहतो, वाचल्यावर ती झटकून पूर्ववत करावी लागते. समजा निरीक्षकानं संध्याकाळी ५ ला वाचून झटकली. त्या क्षणी हवा ४२ अंश आहे, म्हणून पारा तिथूनच सुरू होतो. दुसऱ्या दिवशी वळवाचा पाऊस होऊन कमाल ३६ वरच राहिली तरी तापमापी ४२ दाखवते. एक गरम दिवस दोनदा मोजला गेला. सकाळी ७ ला वाचली तर किमान तापमापीत उलट होतं, थंड पहाट दोनदा मोजली जाते. अमेरिकेतले स्वयंसेवी निरीक्षक पूर्वी बहुतांश संध्याकाळी वाचत, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते सकाळकडे सरकले. त्यामुळे नोंदींत खोटा गारवा शिरला, तो काढला की तापमानवाढ जास्त दिसते. 'बघा, जुने आकडे बदलून वाढ दाखवली' हा मेसेज इथून निघतो.

समुद्राची दुरुस्ती मात्र त्या मेसेजमध्ये कधीच नसते. दुसऱ्या महायुद्धाआधी जहाजावरून बादली सोडून पाणी वर घेत आणि त्यात तापमापी घालत. कापडी बादली वर येईपर्यंत बाष्पीभवनानं पाणी थंड होई. नंतर इंजिन थंड ठेवायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान मोजू लागले, ते किंचित जास्त येतं. दुरुस्ती केली नाही तर जुना समुद्र होता त्यापेक्षा थंड दिसतो आणि वाढ फुगते. पृथ्वीचा बहुतांश भाग समुद्र, म्हणून सगळ्या दुरुस्त्या धरल्यावर १८८० पासूनची जागतिक तापमानवाढ कच्च्या आकड्यांपेक्षा कमी भरते. हा मुद्दा जपून ठेवा, फार कामाचा आहे.

उपग्रहांचंही पाहा. अलाबामा विद्यापीठाच्या स्पेन्सर-क्रिस्टी यांच्या मालिकेत वाढ फारच कमी दिसायची. १९९८ मध्ये वेंट्झ आणि शाबेल यांनी दाखवलं की उपग्रहाची कक्षा हळूहळू खाली येते हे त्यात धरलंच नव्हतं. २००५ मध्ये मिअर्स आणि वेंट्झ यांनी दाखवलं की दिवसातल्या वेळेच्या दुरुस्तीचं चिन्ह उलटं लागलंय. स्पेन्सर-क्रिस्टींनी मान्य करून मालिका बदलली, दर दशकाची वाढ सुमारे ०.०३५ अंशानं वर गेली.

आता घराजवळचं. मे २०२४ च्या शेवटी दिल्लीत मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्रानं ५२.९ अंश दाखवले, पाठोपाठ नागपुरात एका केंद्रानं ५६. देशभर बातम्या झाल्या. हवामान खात्यानं तपासणी करून दोन्ही ठिकाणी सेन्सर सदोष असल्याचं सांगितलं, मुंगेशपूरला तर सुमारे ३ अंश जास्त येत होते. देशाचा अधिकृत उच्चांक आजही १९ मे २०१६ चा फलोदीचा ५१.० अंशच आहे. फुगवायचंच असतं तर ५६ ठेवला असता.

लळिंग (धुळे)

तुमनं म्हननं खरं शे, हतनूरभाऊ. तापमानाच्या नोंदींवर माझं भांडण नव्हतंच.

माझा मुद्दा परिणामांच्या पेपरांवर आहे. 'इतकं उत्पन्न बुडणार, इतकं नुकसान होणार' अशांवर. तिथे गृहीतकं जास्त आणि समीक्षा ढिली. एप्रिल २०२४ चा कोट्झ, लेव्हरमान, वेंझ यांचा 'नेचर'मधला पेपर घ्या. २०५० पर्यंत जगाचं उत्पन्न, हवामान बदललं नसतं तर जेवढं झालं असतं त्यापेक्षा १९ टक्क्यांनी कमी होणार, वर्षाला ३८ ट्रिलियन डॉलरचं नुकसान. बँका आणि सरकारी यंत्रणांनी तो आधाराला घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये तिघा अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की एकट्या उझबेकिस्तानचा १९९५ ते ९९ चा डेटा बिघडलेला आहे. तो देश काढला की शतकाअखेरचं नुकसान ६२ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर येतं. डिसेंबर २०२५ मध्ये लेखकांनी पेपर मागे घेतला. दीड वर्ष तो आकडा जगभर फिरला, त्याचं काय?

तापी-पूर्णा (मुक्ताईनगर)

हे उदाहरण महत्त्वाचं आहे, लळिंगभाऊ, आणि ते सौम्य करून सांगायचं कारण नाही. एका देशाच्या पाच वर्षांच्या आकड्यांवर जगाचा अंदाज हलत असेल तर 'एकेक देश वगळून बघा' ही साधी चाचणी कोणीतरी आधीच करायला हवी होती. सांख्यिकीतली ही पहिल्या वर्षाची गोष्ट. समीक्षेत ती मागितली गेली पाहिजे, आणि मागायची तर डेटा व कोड पेपरबरोबरच समीक्षकाला मिळाला पाहिजे.

डेटा दुरुस्त करून लेखकांचा २०५० चा आकडा १९ वरून १७ वर आला, पण अनिश्चितता ११-२९ वरून ६-३१ अशी फाकली. मेसेजमध्ये कंसात द्यायचा हा पल्ला कधीच नसतो. परिणामांच्या पेपरात मधला आकडा सोडून आधी कंस वाचायची सवय लावा.

आणि टीकाकारांना मूळ डेटा-कोड उपलब्ध होता म्हणूनच ही चूक सापडली. डेटा बंद असता तर आकडा अजून फिरत राहिला असता.

तोरणमाळ (शहादा)

भारताशी थेट संबंध असलेलं एक प्रकरण राहिलं. 'हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील.' २००७ च्या आयपीसीसी अहवालात, दुसऱ्या कार्यगटाच्या आशिया प्रकरणात हे वाक्य होतं. साखळी अशी : १९९९ मध्ये एका विज्ञान-साप्ताहिकाला दिलेली मुलाखत, तिच्यावरून २००५ चा एका पर्यावरण संस्थेचा अहवाल, त्यावरून आयपीसीसी. पिअर-रिव्ह्यूड पेपर मधे कुठेच नाही. १९९६ च्या एका रशियन शास्त्रज्ञाच्या अहवालात २३५० साल होतं, तेही या गोंधळात मिसळलं.

हे अडवायची संधी होती. मसुद्यावर जपान सरकारनं लेखी विचारलं होतं की हे विधान फार महत्त्वाचं दिसतं, याची खात्री किती? प्रश्नाचा पाठपुरावा झाला नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये आपल्या पर्यावरण मंत्रालयानं व्ही. के. रैना यांचा चर्चापत्र-अहवाल काढला, हिमनद्या असाधारण वेगानं आटत असल्याचा पुरावा नाही असं त्यात होतं. आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष पचौरी यांनी तो उडवून लावला आणि जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीलाच चूक कबूल करावी लागली. त्याच वर्षी विज्ञान अकादमींच्या परिषदेनं प्रक्रियेची तपासणी केली आणि बिगर-समीक्षित साहित्य वापरायचे नियम कडक झाले.

त्याच २००७ च्या अहवालाच्या पहिल्या कार्यगटानं, म्हणजे भौतिकशास्त्रवाल्यांनी, हिमनद्यांचं प्रकरण नीट लिहिलं होतं. दोन गटांनी एकमेकांचं वाचलं असतं तर हे टळलं असतं.

सध्या काय आहे : सहाव्या अहवालाच्या पहिल्या कार्यगटात २३४ लेखक, ७८,००७ टिप्पण्या. प्रत्येक टिप्पणी आणि तिला दिलेलं उत्तर आयपीसीसीच्या संकेतस्थळावर आहे. विषयातलं ज्ञान असल्याचं स्वतः नोंदवून कोणीही तज्ज्ञ समीक्षक होऊ शकतो. आपल्या कृषी महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी सातव्या अहवालाच्या वेळी नोंदणी करावी असं मनापासून वाटतं. काळ्या मातीतल्या कोरडवाहू कापसाचं तिथे कोणी बोलणारं हवं.

रावेरची बाग

सगळं वाचलं. आता जिल्ह्यापुरतं सांगा. 'पिअर-रिव्ह्यूड अभ्यासानुसार खान्देशात शतकाअखेर इतके अंश वाढणार' असं आलं की काय बघायचं?

हतनूर (भुसावळ)

रावेरदादा, तीन गोष्टी.

पहिली, कोणता उत्सर्जन-मार्ग धरला आहे, म्हणजे पुढे हरितगृह वायू किती सोडले जातील असं मानलंय. आकडा ८.५ च्या मार्गाचा असेल तर तो सगळ्यात टोकाचा आहे, त्यात कोळशाचा वापर अवाढव्य वाढेल असं धरलंय. जानेवारी २०२० मध्ये हाउसफादर आणि पीटर्स यांनी 'नेचर'मध्येच लिहिलं की याला 'नेहमीसारखं चालू राहिलं तर' म्हणणं दिशाभूल आहे. दोघेही मुख्य प्रवाहातले.

दुसरी, मॉडेल किती आणि कोणती. नव्या पिढीतली काही मॉडेलं प्रमाणाबाहेर तापतात. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावरच्या वाढीचा त्यांचा पल्ला १.८ ते ५.६ अंश, तर आयपीसीसीनं इतर पुरावे धरून २.५ ते ४.० हा शक्य पल्ला ठरवला. मॉडेलांची सरसकट सरासरी काढलेला पेपर दिसला तर आकडा जास्त असण्याची शक्यता धरा.

तिसरी, चौकटीचा आकार. हवामान खात्याचा पावसाचा ग्रिड डेटा (नकाशावर चौकटी पाडून प्रत्येकीला एक आकडा) ०.२५ अक्षांश-रेखांशाचा, जळगाव जिल्ह्याच्या पावणेबारा हजार चौरस किलोमीटरमध्ये अशा साधारण सोळा चौकटी बसतात. तापमानाचा ग्रिड १ अंशाचा, म्हणजे अख्खा जिल्हा जवळजवळ एका चौकटीएवढा. त्यावरून भुसावळचं रेल्वे यार्ड आणि पालचं जंगल यांतला फरक कोणीही सांगू शकत नाही. 'तालुकानिहाय अंदाज' म्हणून छापलेला असेल तर तो खाली कसा उतरवला याचा परिच्छेद पद्धत-विभागात शोधा. नसेल तर सोडून द्या.

देशाचा आकडा हवा असेल तर पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल वापरा : १९०१ ते २०१८ मध्ये सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं. जागतिक सरासरीपेक्षा हे कमी आहे, आणि त्यामागे धूलिकण-प्रदूषण व सिंचनाचा वाटा असल्याचं अभ्यासक उघडपणे मांडतात. भीतीच दाखवायची असती तर हे कोणी छापलं नसतं.

पाटणादेवी (चाळीसगाव)

हतनूरभाऊंना जोड, पावसाबद्दल. 'वेगळं मत छापत नाहीत' याला भारतीय उत्तर इथे मिळतं. २००६ मध्ये गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये मांडलं की मध्य भारतात १९५१ ते २००० दरम्यान अतिवृष्टीच्या घटना वाढल्या. २०१२ मध्ये आयआयटी मुंबईचे घोष आणि सहकाऱ्यांनी 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये मांडलं की देशभर एकसारखा कल नाही, जागोजागचा फरक मात्र वाढतोय. २०१७ मध्ये रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये, १९५० ते २०१५ साठी, विस्तृत भागावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्याचं दाखवलं. तिन्ही निष्कर्ष वेगळे कारण तिन्ही प्रश्न वेगळे : एका मोठ्या पट्ट्याची बेरीज, प्रत्येक ठिकाणचा वेगळा कल, आणि एकाच वेळी मोठ्या भागावर पडणारा पाऊस. 'शास्त्रज्ञांचंच एकमत नाही' असा मेसेज आला की आधी विचारा, मोजलं काय?

अंमळनेरकर

एक बाजू कोणी घेतली नाही. आपल्याकडे फिरणारे निम्मे 'पेपर' अशा जर्नलांतले असतात जिथे समीक्षा होतच नाही. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या. दोन्ही बाजूंचे लोक ते बिनदिक्कत वापरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य जर्नलांची 'यूजीसी केअर' यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता 'यादीत आहे' एवढं म्हणून भागत नाही.

मोबाइलवर पाच मिनिटांत होणारी तपासणी : मेसेजमधल्या पेपरचा डीओआय क्रमांक (प्रत्येक पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) शोधा. नसेल तर शीर्षक जसंच्या तसं क्रॉसरेफच्या (हे क्रमांक नोंदवणाऱ्या संस्थेच्या) शोधात टाका. 'मागे घेतला' अशी खूण आहे का पाहा. रिट्रॅक्शन वॉचची मागे घेतलेल्या पेपरांची यादी २०२३ पासून क्रॉसरेफकडे असल्यानं मोफत मिळते. मग पबपिअर या छापलेल्या पेपरांवर चर्चा करायच्या संकेतस्थळावर कुणी हरकत नोंदवली आहे का. मग पेपरवरची 'मिळाला' आणि 'स्वीकारला' या दोन तारखा. मधे चार-पाच दिवसच असतील तर समीक्षा झाली असं धरू नका. शेवटी जर्नलचा विषय. हवामानाचा पेपर भलत्याच विषयाच्या जर्नलात असेल तर समीक्षक हवामानाचे नसण्याची शक्यता मोठी. २०२२ मध्ये 'युरोपियन फिजिकल जर्नल प्लस'मध्ये अलिमोंटी आणि सहकाऱ्यांचा 'टोकाच्या घटनांत स्पष्ट वाढ नाही' असा पेपर आला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये जर्नलनं तो मागे घेतला. मेसेजमध्ये तो अजून जिवंत आहे.

मूळ पेपर पैशामागे असेल तर जवळच्या सरकारी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विचारा. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत जानेवारी २०२५ पासून सुमारे १३,००० जर्नलं सरकारी उच्च शिक्षण संस्थांना खुली आहेत.

लळिंग (धुळे)

अंमळनेरकर, ही यादी मी आमच्या गटात टाकतो.

आणखी एका पूर्वग्रहाबद्दल लिहायला हवं, आणि यात तुम्ही-आम्ही एका बाजूला आहोत. 'नेचर'मध्ये पेपर सगळ्यांना मोफत ठेवायचा तर २०२१ पासून शुल्क ९,५०० युरो ठरलं होतं. आपल्या विद्यापीठातल्या एखाद्या विभागाला ते झेपेल का? मग प्रश्न तिकडचे, डेटा तिकडचा, समीक्षक तिकडचे. तापीच्या खोऱ्यातल्या भूजलावरचा पेपर 'स्थानिक महत्त्वाचा' म्हणून संपादकाच्या टेबलावरूनच परत येतो. कटाची गरजच नाही, एवढ्यानंच कल ठरतो.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

लळिंगभाऊ, यावर वेगळा धागा काढा, मी येतोच.

हतनूरभाऊ, एक शेवटचं : ग्रिड डेटा कुठून घ्यायचा आणि खान्देशचा पाऊस त्यावरून काढताना फसगत कुठे होते?

हतनूर (भुसावळ)

हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहे. पाऊस १९०१ पासून, तापमान १९५१ पासून, दरवर्षीची वेगळी फाइल. पायथन येत असेल तर 'आयएमडीलिब' नावाची तयार लायब्ररी आहे. अक्षांश २०.२५ ते २२, रेखांश ७३.७५ ते ७६.५ घेतलंत तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे येतात. कडेच्या चौकटी मध्य प्रदेश, गुजरात आणि बुलढाण्यात जातात, त्या नकाशावर ठेवून वगळा.

फसगत होते ती पर्जन्यमापकांच्या संख्येत. देशभरात मिळून ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या आहेत, पण रोज सगळी चालू नसतात. बंद केंद्राची जागा आजूबाजूच्या केंद्रांवरून, अंतराच्या प्रमाणात वजन देऊन भरली जाते. सातपुड्याच्या पायथ्याचं केंद्र मधेच बंद पडलं तर त्या चौकटीत पुढची वर्षं सपाटीवरचा पाऊस दिसतो आणि 'डोंगरात पाऊस घटला' असा खोटा कल तयार होतो. म्हणून आधी त्या चौकटीजवळची कोणती केंद्रं कोणत्या वर्षांत चालू होती ते काढा. सलग चालू असलेल्या केंद्रांचा कल वेगळा काढा. दोन्ही जुळले तरच लिहा. खान्देशच्या पावसावरचा कुठलाही पेपर हातात आला की पद्धत-विभागात मी ही गोष्ट सगळ्यात आधी शोधतो.